यूव्ही मीटर हातात आलाय खरा, पण धरायचा कसा? मॅग्नाफ्लक्स बूथवर नवीन आलेल्यांसाठी

भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात क्वालिटीला नवीन लागलेल्या पोरांना पहिल्याच आठवड्यात एक काम हमखास मिळतं. इन्चार्ज हातात एक छोटा डबा देतो आणि म्हणतो, "जा, बूथवरच्या लॅम्पचं रिडींग घे आणि रजिस्टरला टाक." डब्यात यूव्ही मीटर असतो, म्हणजे लॅम्पमधून यूव्ही (अतिनील प्रकाश) किती पडतो ते मोजायचं यंत्र, वायरच्या टोकाला गोल सेन्सर, आणि रजिस्टर उघडलं की मागचे तीन महिने रोज एकच आकडा, ११५०, ११५०, ११५०. पोरगं मीटर लॅम्पखाली धरतं, १७८० येतं, मग घाबरून सेन्सर जरा खाली जरा बाजूला करत करत ११५० येईपर्यंत हलवतं आणि लिहून मोकळं होतं. मी पण हेच केलंय, उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही.

झालं काय होतं ते मला बऱ्याच नंतर कळलं. लॅम्प तोच होता, मीटर तोच होता, बदलत होता तो माझा हात. म्हणून हे सगळं लिहितोय, कारण हे मीटर धरायचं कसं ते कोणी नीट शिकवत नाही, सगळे म्हणतात त्यात काय एवढं, बटण दाबायचं आणि वाचायचं.

आधी हे कशासाठी ते थोडक्यात. मॅग्नाफ्लक्स हे खरं तर कंपनीचं नाव, पण आपल्याकडे मॅग्नेटिक पार्टिकल टेस्टलाच सगळे मॅग्नाफ्लक्स म्हणतात. कनेक्टिंग रॉड, क्रँकशाफ्ट, गिअर ब्लँक असा लोखंडी जॉब मॅग्नेटाइज करायचा, त्यावर फ्लोरोसंट पावडर घातलेलं तेल किंवा पाणी सोडायचं, जिथे क्रॅक असेल तिथे पावडर गोळा होते आणि बूथमध्ये, म्हणजे पडदा ओढून अंधार केलेल्या जागेत, यूव्ही लॅम्पखाली ती रेघ हिरवट पिवळी चमकते. लॅम्प कमजोर असेल तर रेघ फिकी दिसते, बारीक क्रॅक सुटतो, आणि तो जॉब पुढे कोणाच्या तरी गाडीच्या इंजिनात जाऊन बसतो. लॅम्प जळतोय म्हणजे ठीकच आहे असं डोळ्यांनी कळत नाही, कारण यूव्ही आपल्याला दिसतच नाही, जो जांभळा उजेड दिसतो तो फक्त लॅम्पमधून गळणारा थोडासा दिसणारा प्रकाश असतो. जांभळा भरपूर दिसतोय म्हणून लॅम्प भारी, असं अजिबात समजू नका, बरेचदा उलटंच असतं.

दोन आकडे पाठ करून टाका. जॉबवर यूव्ही कमीत कमी १००० मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटीमीटर हवं, आणि बूथमधला साधा उजेड जास्तीत जास्त २० लक्स. या टेस्टचं अमेरिकन स्टँडर्ड एएसटीएम ई १४४४, ते वाले २ फूटकँडल म्हणतात, ते साधारण २१.५ लक्स होतात, आयएसओ ३०५९ मध्ये सरळ २० लक्स आहे, म्हणजे गोष्ट एकच. कस्टमरची प्रोसिजर यापेक्षा कडक असेल तर तीच चालवायची.

आता युनिटची गंमत. काही मीटर मायक्रोवॅट दाखवतात, काही मिलिवॅट, काही वॅट प्रति चौरस मीटर. १००० मायक्रोवॅट म्हणजे १ मिलिवॅट प्रति चौरस सेंटीमीटर, आणि तेच १० वॅट प्रति चौरस मीटर. म्हणून स्क्रीनवर ११.४ आलं तर लॅम्प मेला म्हणून बोंब मारू नका, ते ११४० आहे. काही जुन्या मीटरला रेंजचं बटण असतं, गुणिले १० वर ठेवलंय की गुणिले १ वर ते आधी बघायचं, आमच्याकडे एकाने दहाच्या रेंजवर १३२ वाचून लॅम्प बदलायची रिक्वेस्ट टाकली होती आणि स्टोअरवाल्याने ती पासही केली, तिथे कोणी काही वाचत नाही.

अजून एक, मीटर कुठल्या प्रकाशासाठी आहे ते मागच्या पट्टीवर बघा. आपल्याला लागतो तो यूव्ही-ए, म्हणजे ३१५ ते ४०० नॅनोमीटर, त्यातही टोक ३६५ ला. पाण्याच्या फिल्टरमध्ये असते ती जंतू मारायची ट्यूब २५४ नॅनोमीटरची असते, तो यूव्ही-सी. कोरोनात बऱ्याच जणांनी तसल्या ट्यूबचे बॉक्स घेतले आणि त्याबरोबर यूव्ही-सी चे मीटरही घेतले, तो मीटर आपल्या लॅम्पखाली धरून काही उपयोग नाही, आणि आपला मीटर तिथे धरून पण नाही. दोन्हीला मीटर एकच असतो असं कोणी सांगितलं तर हसून पुढे जा.

आता कामाला लागू. सुरुवात लॅम्पपासून करायची नाही, मीटरपासून करायची. कॅलिब्रेशनचं, म्हणजे मीटर बरोबर मोजतोय ते लॅबने तपासल्याचं स्टिकर बघा, तारीख उलटलेली असेल तर तिथेच थांबा, ते रिडींग ऑडिटरसमोर शून्य किमतीचं आहे. आमच्याकडे दर सहा महिन्यांनी मीटर एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबला जातो. मग बॅटरीची खूण बघा. मग सेन्सरवर टोपण घालून किंवा तळहाताने झाकून शून्य येतंय का बघा, ५-१० दाखवत असेल आणि झिरोचं बटण असेल तर झिरो करा, नसेल तर इन्चार्जला दाखवा. आणि मग सेन्सरची काच नीट उजेडात धरून बघा.

हे काच बघायचं का सांगतोय त्याची गोष्ट आहे. आमच्याकडे खंडेनवमीला शॉपमध्ये सगळ्या मशीनची पूजा होते, झेंडूच्या माळा, नारळ, पेढे, सगळं रीतसर. त्या वर्षी कोणीतरी मापाच्या हत्यारांची पण पूजा केली, व्हर्नियर, मायक्रोमीटर, आणि त्यांच्या रांगेत यूव्ही मीटर. दसरा झाला, सुट्टी झाली, पहिल्या शिफ्टला मी रिडींग घेतलं तर ६९०. लॅम्प पुसला, ६९०. दुसरा लॅम्प लावला, ७१०. मेंटेनन्सवाल्याला उठवून आणलं, तो म्हणाला व्होल्टेज बघू, व्होल्टेज ठीक. तासभर लाइन थांबली, प्रॉडक्शनवाले येऊन तोंडाचा पट्टा चालवून गेले. शेवटी कोणीतरी सेन्सर उलटा करून बघितला तर बरोबर मध्ये हळदीचं बोट, वर कुंकवाचा ठिपका. स्पिरिटने पुसल्यावर ११६०. आणि मजा म्हणजे हळद स्वतः यूव्हीखाली पिवळीहिरवी चमकते, आपल्या पावडरसारखीच, त्यामुळे त्याच दिवशी दोन रॉड क्रॅक म्हणून बाजूला काढले होते ते पण हळदीचे हात लागलेले निघाले. पूजा करा, जरूर करा, पण सेन्सरला टोपण घालून करा.

पुसायला मऊ कापड आणि थोडं आयसोप्रोपिल. हातपुसणं, वेस्ट कॉटन, ओव्हरऑलची बाही, हे काही नको, काचेवर ओरखडे पडतात.

आता लॅम्प. तुमच्याकडे जुना मर्क्युरीचा असेल तर चालू करून निदान १० मिनिटं थांबा, तो हळूहळू तापून पूर्ण ताकदीला येतो, लगेच घेतलेलं रिडींग कमीच येणार. हा लॅम्प चुकून बंद झाला तर लगेच पेटत नाही, गार झाल्याशिवाय परत लागत नाही, म्हणून चहाला जाताना बंद करायची काटकसर करू नका, उलट सारखं चालू-बंद केल्याने बल्बचं आयुष्य कमी होतं. मर्क्युरीचा अजून एक त्रास म्हणजे सप्लाय खाली आला की उजेड पण खाली येतो, शेजारच्या शेडमध्ये मोठं वेल्डिंग सुरू झालं की रिडींग डुलताना दिसतं. एलईडी लॅम्प लगेच लागतो पण त्याचं उलटं असतं, तो तापला की थोडा उतरतो, म्हणून चालू केल्या केल्या घेतलेलं रिडींग जरा खुशामती असतं. आकडा स्थिर होईपर्यंत चालू ठेवा आणि मगच लिहा. बॅटरीवरचा टॉर्च असेल तर काम सुरू करताना एकदा आणि संपल्यावर एकदा असं दोनदा मोजायचं, मध्येच बॅटरी उतरलेली असली तर तेव्हाच कळतं.

लॅम्पच्या पुढची काळी काच, म्हणजे फिल्टर, दोन्ही बाजूंनी पुसा. तेलाची वाफ बसून बसून त्यावर चिकट थर येतो आणि आपल्याला वाटतं बल्ब गेला. काचेला चीर असेल, टवका उडालेला असेल, तर तो लॅम्प चालवायचाच नाही. मर्क्युरी बल्बमधून यूव्ही-बी पण निघतो, तो अडवायचं काम ती काचच करते, चीर पडली की ते थेट तुमच्या डोळ्यांवर आणि कातडीवर.

आता अंतर. लॅम्पची ताकद तपासायची तर ३८ सेंटीमीटर, म्हणजे १५ इंच. हे कुठून कुठे मोजायचं इथेच सगळे गंडतात. फिल्टरच्या पुढच्या पृष्ठभागापासून सेन्सरच्या वरच्या काचेपर्यंत. टेबलापर्यंत नाही. सेन्सर स्वतः अडीच सेंटीमीटर उंच असला आणि तुम्ही टेबलापासून ३८ धरले तर प्रत्यक्षात अंतर ३५.५ झालं, आणि अंतराच्या वर्गाचा ढोबळ हिशोब लावला तर रिडींग १४-१५ टक्के जास्त. म्हणजे खरं ९३० असताना मीटर १०६० दाखवणार आणि नापास लॅम्प पास. मी एक साधी लाकडी पट्टी कापून घेतली आहे बरोबर ३८ ची, एक टोक फिल्टरला, एक टोक सेन्सरजवळ, टेपचा खटाटोप नाही. पट्टी लावून अंतर झालं की ती बाजूला काढा, नाहीतर तिचीच सावली सेन्सरवर पडते.

सेन्सर सपाट ठेवा, लॅम्पकडे तोंड करून. हातात धरून वाकडातिकडा झाला की आकडा पडतो, ३० अंश कलला तर साधारण १३ टक्के कमी. त्यामुळे शक्यतो टेबलावर ठेवूनच मोजा, हात थरथरतो, श्वास लागतो, आणि वायर ओढली जाते. मग सेन्सर हळूहळू मागे-पुढे, डावी-उजवीकडे सरकवा आणि सगळ्यात मोठा आकडा कुठे येतो ते शोधा. तो दिसणाऱ्या जांभळ्या गोळ्याच्या बरोबर मध्ये असेलच असं नाही. मॅक्स होल्डचं बटण असेल तर वापरा पण आधी जुनं मॅक्स पुसा, नाहीतर काल दुसऱ्या लॅम्पखाली आलेलं ३२०० आज पण दाखवत बसेल. सापडला आकडा की तिथे सेन्सर सोडा, हात बाजूला घ्या, पाच-सात सेकंद थांबा, आणि जे दिसतंय ते लिहा. ११५० नाही, जे दिसतंय ते.

एवढ्यावर बहुतेक जण थांबतात, पण माझ्या मते खरं काम इथून पुढे सुरू होतं. मध्यभागी १८०० आहे ठीक आहे, पण तुमचा क्रँकशाफ्ट मध्यभागाएवढा थोडीच आहे. टेबलावर एक कागद पसरा, मधल्या जागेपासून चारी दिशांना सेन्सर सरकवत जा आणि जिथे आकडा १००० च्या खाली जातो तिथे पेन्सिलीने टिंब करा. टिंबं जोडली की एक वेडावाकडा गोल तयार होतो, आमचा तर बटाट्यासारखा आला होता. त्या गोलाच्या आत धरलेला जॉब तपासला, बाहेरचा फक्त बघितला. हा कागद बूथमध्ये चिकटवून ठेवा, नवीन माणसाला दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा हा जास्त सांगतो. एलईडीमध्ये बरेच छोटे दिवे असल्याने फार जवळ धरलं तर ठिपके ठिपके पडतात, एका ठिकाणी ५०००, दोन बोटं बाजूला ९००, म्हणून तिथे तर हे करायलाच हवं.

आणि लॅम्प जर बूथमध्ये ३८ ऐवजी ६० सेंटीमीटरवर टांगलेला असेल तर ३८ चं रिडींग लॅम्पच्या तब्येतीसाठी, जॉबसाठी वेगळं घ्या, सेन्सर जॉबच्या जागी ठेवून. क्रँकच्या पाकळ्यांच्या आत तर सावलीच असते, तिथे जॉब फिरवून नाहीतर हातातला लॅम्प आत नेऊन बघायचं. पण लॅम्प फार जवळ चिकटवून तासन्‌तास एकाच जागी ठेवू नका, जास्त यूव्हीने पावडरची चमक उडते.

मीटरबद्दल अजून एक बारीक गोष्ट, ही कळायला मला दोन वर्षं गेली. काही मीटर मर्क्युरी लॅम्पवर कॅलिब्रेट केलेले असतात, त्यांच्याखाली एलईडी धरला तर आकडा चुकू शकतो, कारण दोघांचा प्रकाश ३६५ च्या आसपास असला तरी पसारा वेगळा असतो आणि सेन्सर प्रत्येक नॅनोमीटरला सारखाच प्रतिसाद देत नाही. त्यामुळे दोन कंपन्यांचे दोन मीटर एकाच एलईडीखाली वेगळे आकडे दाखवतात आणि मग दोन इन्स्पेक्टर भांडत बसतात. बूथवर एलईडी आणला असेल तर लॅबला तसं सांगून त्यावर कॅलिब्रेशन मागा. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बरेच मीटर तर यूव्ही-ए, यूव्ही-बी सगळंच एकत्र मोजतात, ते घरी खेळायला ठीक.

आता २० लक्सचं. बूथचा पडदा पूर्ण ओढा, लॅम्प चालू ठेवा, लक्स मीटर जॉबच्या जागी ठेवा आणि वाचा. मोबाईलचं अॅप नको. लक्स मीटर पण असा हवा जो यूव्हीला प्रतिसाद देत नाही, नाहीतर तो यूव्हीच उजेड म्हणून मोजतो. बऱ्याच कंपन्यांत एकाच मीटरला दोन सेन्सर असतात, ते बरं पडतं.

आकडा २० च्या वर जात असेल तर पडद्याच्या फटी शोधण्याआधी स्वतःकडे बघा. एकदा एक ट्रेनी, मूळचा बार्शीचा, पहिल्या दिवशी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. पडदा ओढला आणि तो असा निळा चमकायला लागला की जणू बूथमध्ये ट्यूबलाइट उभी आहे. कपडे धुवायच्या पावडरीत पांढरेपणासाठी जे घातलेलं असतं ते यूव्हीखाली चमकतं, आणि तो उजेड थेट जॉबवर पडतो. लक्स बघितले, ३४. तो बाहेर गेला, १२. तेव्हापासून बूथवर गडद अॅप्रन. पांढरा कागद, पांढरे कापडी हातमोजे, टेबलावर सांडलेली फ्लोरोसंट पावडर, हे सगळं त्याच यादीत. बटाट्याच्या गोलासाठी आणलेला कागद पण लक्स मोजताना उचलून ठेवा.

डोळ्यांचं. उन्हातून बूथमध्ये आल्या आल्या जॉब तपासू नका, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, काही कोडमध्ये १ मिनिट आहे, एएसएमई मध्ये ५ मिनिटं आहेत. उन्हात काळे होणारे चष्मे बूथमध्ये चालत नाहीत, ते यूव्हीने पण काळे होतात. आणि लॅम्पकडे सरळ बघायचं नाही. हिशोब साधा आहे, डोळ्यांसाठी दिवसाची मर्यादा धरतात १ ज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर, आणि १००० मायक्रोवॅट म्हणजे सेकंदाला एक हजारांश ज्यूल, म्हणजे जॉबवर जेवढं कमीत कमी हवं तेवढंच सरळ डोळ्यात १००० सेकंद गेलं, साधारण १७ मिनिटं, की दिवसाचा कोटा संपला. यूव्ही अडवणारा चष्मा घाला, फुल बाह्या घाला. चष्मा घातल्यावर नजरेसमोरचं निळसर धुकं पण जातं, ते धुकं म्हणजे डोळ्याच्या आतला भागच यूव्हीने चमकत असतो.

रजिस्टरमध्ये फक्त आकडा टाकू नका. लॅम्पचा नंबर, मीटरचा नंबर, अंतर, यूव्ही, लक्स, वेळ, सही. आमच्याकडे एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे मी शुक्रवारचे आकडे जरा जास्त लक्ष देऊन बघतो, सगळं गार पडलेलं असतं आणि घाईत कोणी १० मिनिटं थांबत नाही. आकडे खरे लिहिले तर एक फायदा होतो, १५२०, १४८०, १४१०, १३३० असं उतरताना दिसलं की बल्ब मरायच्या आधीच मागवता येतो. सगळीकडे ११५० असेल तर तो एके दिवशी अचानक ८०० होतो आणि मग नशिबाला दोष.

आणि समजा आलंच ८००. आधी सेन्सर पुसा, फिल्टर पुसा, अंतर परत मोजा, दुसरा मीटर असेल तर तो लावा. तरीही ८०० असेल तर लॅम्पला लाल टॅग, आणि मग ते काम ज्याला सगळे टाळतात, शेवटचं चांगलं रिडींग कधीचं ते रजिस्टरमध्ये बघायचं आणि तेव्हापासून या लॅम्पखाली पास केलेले सगळे जॉब परत तपासायचे. म्हणूनच रोज, शिफ्टच्या सुरुवातीला मोजायचं असतं, म्हणजे परत काढायचे जॉब एका दिवसाचेच असतात. माझ्या वाटणीला एकदा चार दिवसांचे आले होते, कारण मधले तीन दिवस रजिस्टरला ११५० लिहिलेलं होतं आणि मीटर कपाटात होता. रात्री पावणेबारापर्यंत रॉड उचलत होतो, शेवटची बस गेली, भोसरीहून घरी चालत.